माणिक आधी तपासा, मग भांडा

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

ताई, मी वाईजवळच्या एका गावात राहते. निवृत्त शिक्षिका आहे, वय ६७. आई जाऊन दहा महिने झाले. तिच्या दागिन्यांत आजीची एक लाल खड्याची अंगठी आहे. १९२७ साली आजीच्या लग्नात तिच्या सासऱ्यांनी दिलेली. पुढे आजीने ती माझ्या आईला दिली. ‘पेशव्यांच्या कारभाऱ्याकडून आलेलं माणिक’ असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दिवाळीत भाच्याने अमेरिकेहून एक व्हिडिओ पाठवला. त्यात जिनिव्हाच्या लिलावात असाच एक लाल खडा दोनशे कोटींना गेल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून घरात धड बोलणं नाही. थोरला दादा म्हणतो, खडा साडेपाच कॅरटचा आहे, अंगठी बाहेर विकायची, भाचा येईल तेव्हा बोटात घालून घेऊन जाईल. धाकटा म्हणतो, मोडा आणि सोन्याच्या भावाने वाटून टाका. गावच्या सराफाने चाळीस हजार सांगितले. फोनवर एक गृहस्थ भेटले, ते परदेशी लिलाव कंपनीचे प्रतिनिधी आहेत म्हणे. चाळीस कोटी हमखास येतील म्हणतात, पण आधी ‘कॅटलॉग नोंदणी’चे ७५,००० भरायचे. मी शंका काढली तर दादा म्हणाला, ‘तुझा यात काय संबंध? तू दुसऱ्या घरची.’ दोन महिने आम्ही बोललेलो नाही. अंगठी माझ्या आणि आईच्या नावावरच्या लॉकरमध्ये आहे. फोटो आणि जुन्या वहीच्या पानाची प्रत जोडते. काय करू?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी तातडीचं. ते पाऊण लाख भरू नका. भरून झाले असतील तर आज बँक बंद व्हायच्या आत बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. सदबीज असो की क्रिस्टीज, या जगातल्या मोठ्या लिलाव कंपन्या, फोटो पाठवून प्राथमिक अंदाज मागवायला तिथे एक रुपया लागत नाही. ते आपले पैसे विक्री झाल्यावर विक्रीतूनच कापून घेतात. आणि खडा हातात न घेता, एकही अहवाल न पाहता जो फोनवर चाळीस कोटी ‘हमखास’ म्हणतो, त्याला खड्यातलं काही कळत नसलं तरी माणसांतलं चांगलंच कळतं.

आता फोटो. तुम्ही शिक्षिका, म्हणून अंगठीशेजारी पट्टी ठेवलीत. फार बरं केलंत. निम्मे लोक शेजारी तांदळाचा दाणा ठेवतात. खडा लंबगोल आहे, साधारण दहा बाय आठ मिलीमीटर, पैलू पाडलेला. चार नखांनी धरलेला आहे आणि मागची बाजू उघडी आहे. म्हणजे हे कोंदणकाम नाही. ही चांगली बातमी, कारण खडा न काढता तपासता येईल. वहीत ‘माणिक नग १, वजन ६ रत्ती’ असं लिहिलंय. दादांनी बहुधा हल्लीच्या रत्नांच्या दुकानातली रत्ती धरली असावी. ती ०.९१ कॅरटची (खड्याच्या वजनातला एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम), म्हणजे जवळपास साडेपाच कॅरट होतात. पण त्या काळचा सोनार रत्ती म्हणायचा ती गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे एक गुंज ०.१२ ग्रॅमच्या आसपास. सहा गुंजांचे साडेतीन-पावणेचार कॅरट होतात, आणि तुमच्या पट्टीवर जे दिसतंय त्याला हेच वजन जुळतं. वही खोटी नाही, वाचणाऱ्याने रत्ती चुकीची धरली एवढंच.

भाच्याने पाठवलेला व्हिडिओ बहुतेक ‘सनराइज रूबी’चा असणार. मे २०१५, सदबीजचा जिनिव्हातला लिलाव. २५.५९ कॅरटचं बर्मी माणिक, कार्तिए या फ्रेंच जवाहिऱ्यांच्या अंगठीत बसवलेलं, रंग खुलवायला कधीच भट्टीत तापवलेलं नाही, आणि रंग ज्याला बाजारात ‘कबुतराच्या रक्ताचा’ म्हणतात तो. ते ३ कोटी डॉलरच्या थोडं वर गेलं. त्या वेळच्या दराने १९० कोटी रुपयांहून जास्त. भाच्याने आकडा फुगवलेला नाही. पण आता दुसरं उदाहरण शेजारी ठेवा. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ‘एस्ट्रेला दे फुरा’ विकलं गेलं. मोझांबिकमधलं माणिक, ५५.२२ कॅरट, म्हणजे सनराइजच्या दुपटीहून मोठं. किंमत ३ कोटी ४८ लाख डॉलर. हिरे सोडून लिलावातल्या रंगीत खड्यांमध्ये तोवरची सर्वाधिक. तरी भागाकार करून बघा, तुम्हाला सांगायला नको: बर्मी खड्याला कॅरटमागे जवळजवळ बारा लाख डॉलर, मोझांबिकच्या खड्याला सहा लाख तीस हजार. दोन्ही माणकंच, दोन्ही न तापवलेली, दोन्ही डोळ्यांना सारखीच दिपवणारी. अर्धा फरक जमिनीचा. खाण म्यानमारमधल्या मोगोकच्या खोऱ्यातली की आफ्रिकेतली, हे कागदावर आलं की कॅरटचा भाव बदलतो.

उलट टोकही आहे. १९८७ साली क्रिस्टीजने न्यूयॉर्कला एक लालसर हिरा विकला, हॅनकॉक रेड. वजन ०.९५ कॅरट, पुरता एक कॅरटही नाही. किंमत ८,८०,००० डॉलर. कारण लाल हिरे जगात इतके थोडे आहेत की घेणाऱ्यांना दुसरा कुठे मिळणार हाच प्रश्न पडतो. तेव्हा ‘आपला खडा केवढा’ हा प्रश्न नंतरचा. तो आहे काय, आला कुठून आणि त्याला काय केलेलं आहे, हे आधीचे तीन.

आणि चौथा: घेणारे किती. लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि लासलगावच्या कांद्यापासून जिनिव्हाच्या हॉटेलापर्यंत त्याचा नियम एकच आहे. किंमत ठरवतो तो जिंकणारा नव्हे, त्याच्या खालोखाल हटून बसलेला दुसरा माणूस. दुसरा उठून गेला की अनमोल खडाही पडून राहतो.

आता मला सगळ्यात जास्त ज्याची शंका येते ते सांगते. वाईट वाटून घेऊ नका.

१९०२ साली ऑग्यूस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आपली पद्धत जाहीर केली: ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी, त्यात चिमूटभर क्रोमियम, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीतून थेंबाथेंबाने वितळवायची. खाली मेणबत्तीसारखी कांडी वाढते. ती कांडी म्हणजे माणिक. काच नव्हे हं! रसायन तेच, कठीणपणा तोच, चमक तीच. जमिनीत जे घडायला युगं लागतात ते काही तासांत. काही वर्षांतच असे खडे युरोपातून जगभर जाऊ लागले आणि आपल्या सराफ्यांतही पोचले. १९२७ चं लग्न, नितळ लाल, पैलूदार, लंबगोल खडा. या चार गोष्टी एकत्र आल्या की माझा हात आपोआप भिंगाकडे जातो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आजीच्या कुड्यांमध्ये मोत्यांच्या मधोमध दोन लाल खडे होते. रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात मी त्या हौसेने सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. आत वळणदार रेषा, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि दोन-तीन हवेचे बुडबुडे. व्हर्नॉयची सही. नैसर्गिक माणकात रेषा सरळ असतात, कोन करून वळतात, आणि पुष्कळदा आत सुयांचं बारीक जाळं दिसतं, त्याला आम्ही रेशीम म्हणतो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे तुझ्या आजोबांना फसवलं?’ बहुधा नाही. त्या काळात हे खडे नवलाईचे होते, दुकानदार सांगूनही विकत. सांगणारे गेले, खडे राहिले, आणि तिसऱ्या पिढीत ते ‘माणिक’ झाले. मी त्या कुड्या लग्नकार्यात अजून घालते.

दुसरी शक्यता लालडीची. इंग्रजीत स्पिनेल म्हणतात ती. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, माणकापेक्षा हलकी आणि थोडी मऊ, पण दिसायला इतकी जुळी की राजेरजवाडे शतकानुशतकं फसले. ब्रिटनच्या राजमुकुटात समोरच जो मोठा लाल खडा आहे, ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ म्हणतात तो, ती लालडीच आहे. तेव्हा तुमच्या आजीचे सासरे फसले असतील तर चांगल्या संगतीत फसले. आणि चांगली लालडी आता स्वस्त राहिलेली नाही, हेही लक्षात ठेवा.

तिसरी शक्यता, खरंच माणिक. आहेच. मी दार लावलेलं नाही.

घरगुती परीक्षा मात्र करू नका. दुधात टाकून दूध गुलाबी होतं का, कमळाच्या कळीवर ठेवून उमलते का, काचेवर ओरखडा उठतो का. लाल खड्यातून उजेड गेला की दूध गुलाबी दिसणारच, तो काचेचा असला तरी. आणि काचेवर ओरखडा लालडीही काढते, व्हर्नॉयचा खडाही काढतो, जुनं नख ढिलं असेल तर खडा निघून मोरीतही जातो. पत्रिका पाहून ‘हे अस्सल आहे, रवी प्रसन्न आहे’ असं सांगणाऱ्यांनाही या प्रकरणापुरतं लांब ठेवा.

अंगठी प्रयोगशाळेत न्या. मुंबईत आणि जयपूरला नावाजलेल्या रत्न-प्रयोगशाळा आहेत. जयपूर तर रंगीत खड्यांचंच शहर. जी प्रयोगशाळा स्वतः खडे विकत नाही आणि विकून देत नाही, ती निवडा. पहिल्या फेरीत दोनच प्रश्न विचारा: नैसर्गिक की कृत्रिम, आणि काही प्रक्रिया केलेली आहे का. दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. बाजारातली बहुतेक माणकं भट्टीत तापवलेली असतात. ते सांगून विकलं तर गैर काही नाही, पण भाव उतरतो. त्याहून वाईट म्हणजे शिशाच्या काचेने भेगा बुजवलेले खडे. ते जवळपास कवडीमोल, पण ती कला अलीकडची, तुमच्या अंगठीत तिची भीती कमी. या चाचणीला काही हजार रुपये लागतील. खाण कुठली हे पहिल्याच फेरीत विचारू नका, त्याचे पैसे वेगळे असतात. खडा नैसर्गिक आणि न तापवलेला निघाला, तरच पुढे स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळांचा विचार करायचा. बाझलची एसएसईएफ आणि ल्यूसर्नची ग्युबेलिन, या दोघींचे कागद सोबत असल्याशिवाय मोठा लाल खडा मोठ्या लिलावात सहसा उभा राहत नाही. तिथेही खाणीचं नाव हे त्यांचं ‘मत’ असतं, तसंच ते कागदावर लिहितात, आणि दोघींची मतं कधीकधी जुळत नाहीत.

नुसता कागद म्हणजे किंमत, असंही समजू नका. ब्रिटनमधल्या एका बांधकाम कंपनीने आपल्या ताळेबंदात एक खडा दाखवला होता: ‘जेम ऑफ टांझानिया’, दोन किलोंहून जड माणिक, किंमत १ कोटी १० लाख पौंड. सोबत मूल्यांकनाचा दाखलाही होता. २००९ साली कंपनी बुडाली, कारभार हाती घेतलेल्या प्रशासकांनी खडा काढला, तर दाखला बनावट. शेवटी त्या दगडाचे आठ हजार पौंडांच्या आसपास आले. वजन दोन किलो! म्हणून ज्याने कागद दिला तो कोण, आणि त्या कागदाचा क्रमांक टाकल्यावर प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तोच खडा दिसतो का, हे बघायचं.

पण म्हणून गावच्या सराफाचे चाळीस हजार घ्या असंही मी म्हणणार नाही, आणि धाकट्या भावाचं ‘मोडून टाका’ तर मुळीच ऐकू नका. लंडनमध्ये १९८० च्या दशकात एका बाईने जुन्या बाजारातून दहा पौंडांना एक अंगठी घेतली. खडा मोठा, मळकट. नकलीच असणार म्हणून ती तीस वर्षं रोज घालून फिरली, बाजारहाटाला, घरकामाला. कुणा सराफाने हटकलं म्हणून तपासली, तर २६ कॅरटांहून मोठा पांढरा हिरा. जून २०१७ मध्ये सदबीजने तो ६,५६,७५० पौंडांना विकला. अशा गोष्टी घडतात. लाखांत एखादी, आणि तीही तपासल्यावर.

आता पेशव्यांकडे येऊ.

दादांना एक प्रश्न विचारा, भांडण न करता. खडा जर खरंच पेशवाईतला असेल, तर तो दोनशे वर्षांहून जुना. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मोडलं तर शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड. आणि खडा जर पेशवाईतला नसेल, तर बोटात घालून जिनिव्हाला नेण्याइतकं त्यात काय उरतं? दादांची गोष्ट खरी असली तर अंगठी जाऊ शकत नाही, आणि खोटी असली तर जाण्यासारखी नाही. अंगठीचा घाट १९२७ चा धरला तरी ती शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. वर, विकण्यासाठी नेलेला दागिना ‘अंगावरचा’ म्हणून विमानतळावरून काढणं हा सीमाशुल्काचा वेगळा गुन्हा. भाच्याला अमेरिकेत शांतपणे नोकरी करू द्या.

सरकार अशा गोष्टींकडे बघत नाही, असं वाटत असेल तर मे २०२५ मधलं पिप्रहवाचं प्रकरण आठवा. १८९८ साली उत्तर प्रदेशात बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेली रत्नं सदबीज हाँगकाँगला विकायला काढणार होती. सांस्कृतिक मंत्रालयाने कायदेशीर नोटीस पाठवली, लिलाव पुढे ढकलला गेला, आणि जुलैअखेर ती रत्नं भारतात परत आली. पैसे मोजले मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाने. त्याच्याही आधी निजामाचं जवाहीर. त्याच्या घराण्याचा ट्रस्ट ते विकायला निघाला होता. वर्षानुवर्षं कोर्टकज्जा चालला आणि १९९५ साली केंद्र सरकारनेच ते सुमारे २१८ कोटींना घेतलं. १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा त्यातलाच.

‘पेशव्यांचं’ या शब्दाला लिलावात काय भाव येतो? पुरावा असेल तर भरपूर, नसेल तर शून्य. आपल्या नाशिकच्या हिऱ्याचं घ्या. त्र्यंबकेश्वरच्या महादेवाचा म्हणून तो ओळखला जातो. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचं राज्य गेलं, हिरा कंपनीच्या लुटीत लंडनला गेला, १८३७ च्या लिलावात ७,२०० पौंडांना विकला गेला. वाटेत त्याला पुन्हा पैलू पाडले. नव्वदच्या घरातलं वजन आधी ऐंशीच्या आसपास आलं, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहीर हॅरी विन्स्टन यांनी ते ४३.३८ कॅरटवर आणलं. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये लिलावात त्याचे ५ लाख डॉलर आले. देवळातून गेलेली वस्तू ही अशी हातोहात फिरते, ते वाचून पोटात कालवतं. पण बघा, दीडशे वर्षांतला त्याचा प्रत्येक हातबदल लिहिलेला आहे. कुणी, कधी, कितीला. लिलावाच्या यादीत ‘नाशिक’ हा शब्द छापता आला तो त्या नोंदींमुळे. बडोद्याच्या मोत्यांचंही तेच. मूळच्या सात पदरी हारातल्या मोत्यांचा दोन पदरी हार २००७ मध्ये क्रिस्टीजला ७१ लाख डॉलरला गेला. तो सात पदरी हार गळ्यात असलेले महाराणी सीतादेवींचे फोटो आहेत. मोती बोलत नाहीत, फोटो बोलतात.

तुमच्याकडे काय आहे? वहीचं एक पान. त्यात वजन आहे, पेशवे नाहीत. अजून शोधा. आजीच्या लग्नाची याद कुठे ट्रंकेत असेल. मोडीतला एखादा कागद असेल तर तो वाचून घ्या. पुण्यात मोडी वाचणारे पुष्कळ आहेत. वडील संपत्ती कर भरत असतील तर त्या विवरणपत्रांना दागिन्यांची यादी जोडलेली असायची. आणि आजीचा अंगठी घातलेला फोटो. बाकी काही न सापडलं तरी तो सापडावा असं मला वाटतं, लिलावाशी त्याचा संबंध नसला तरी.

समजा, सगळं जुळलं. खडा नैसर्गिक, न तापवलेला, रंगही उत्तम. तरी साडेतीन कॅरटचा खडा जिनिव्हाच्या पहिल्या पानावर जात नाही. मुंबईत सॅफ्रनआर्ट आणि अस्तागुरू दागिन्यांचे लिलाव करतात. आधी त्यांना दाखवा. ते एक अंदाज देतील, खालचा आणि वरचा आकडा, आणि एक राखीव किंमत ठरेल, जिच्याखाली अंगठी विकायची नाही. ती राखीव किंमत दादांच्या हट्टापायी वर चढवू नका. बोली तिथवर पोचली नाही तर अंगठी परत येते, आणि बाजारात फिरून आलेल्या मालाकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा संशयाने बघतं. आणखी एक: वर्तमानपत्रात येणारा आकडा विकणाऱ्याच्या हातात पडत नाही. हातोडा पडतो त्या किमतीवर घेणाऱ्याकडून कमिशन घेतात, मोठ्या परदेशी घरांत ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतं, आणि छापून येतो तो कमिशनसकटचा आकडा. विकणाऱ्याच्या वाट्यातूनही काही कापलं जातं. आणि हातोडा पडला म्हणजे पैसे आले असंही नाही. ५९.६० कॅरटचा ‘पिंक स्टार’ हिरा नोव्हेंबर २०१३ मध्ये ८ कोटी ३० लाख डॉलरला गेला, जगभर बातम्या झाल्या, आणि घेणाऱ्याला पैसेच भरता आले नाहीत. मालकाला ६ कोटींची हमी दिलेली असल्यामुळे हिरा सदबीजच्याच गळ्यात पडला. एप्रिल २०१७ मध्ये हाँगकाँगला तो ७ कोटी १२ लाखांना पुन्हा विकला गेला. ते सोसू शकतात. आपण पावती हातात आल्याशिवाय फ्लॅट बघायला जायचं नाही.

कराचं थोडक्यात. वारशाने आलं म्हणून कर नाही, विकल्यावर नफ्यावर आहे: दीर्घकालीन म्हणून १२.५ टक्के आणि वर उपकर. दागिना १ एप्रिल २००१ च्या आधीचा असल्यामुळे त्या दिवशीची बाजारातली किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा दाखला घ्या, बाकी तुमचे सीए बघतील.

आता ‘तू दुसऱ्या घरची’ याबद्दल.

आजीने अंगठी आईला दिली, म्हणजे ती आईची झाली, पूर्ण मालकीची. आईने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईच्या वस्तूवर मुलगे, मुलगी आणि पती यांचा सारखा हक्क. तुमच्या पत्रावरून वडील नाहीत असं दिसतं. म्हणजे तिघांचा प्रत्येकी तिसरा हिस्सा, तुम्ही कुठल्याही घरी नांदत असलात तरी. दादा रागात बोलले असतील, पण हा मुद्दा रागाने सुटणारा नाही, म्हणून वकिलाकडून एकदा लेखी मत घेऊन ठेवा. तुमचीही एक बाजू कच्ची आहे, तीही सांगते: लॉकर तुमच्या नावावर आहे म्हणजे अंगठी तुमची होत नाही. दोन महिने त्याची किल्ली कुणाच्या पदराला आहे, याचाही दादांना राग असणार.

माझा खरा सल्ला पुढचा आहे. निकाल यायच्या आधी तिघांनी बसून एका साध्या कागदावर तीन ओळी लिहा. खडा कृत्रिम निघाला तर अंगठी कोणाकडे राहील. साधारण किमतीचा निघाला तर ठेवायची की विकायची, आणि ठेवणाऱ्याने बाकीच्या दोघांना काय द्यायचं. फार मोठा निघाला तर कोण धावपळ करणार आणि खर्च कसा वाटायचा. आज तिघांनाही उत्तर ठाऊक नाही, म्हणून आज तिघं सरळ बोलू शकतील. कागद आल्यावर प्रत्येकाला आपापला न्याय आठवेल. मी असे निकाल हातात घेऊन उभी राहिलेली भावंडं पाहिली आहेत. ज्यांचं आधी ठरलेलं असतं ती चहा प्यायला जातात, बाकीची पार्किंगमध्येच सुरू होतात.

सुरुवात तुम्हालाच करावी लागेल, किल्ली तुमच्याकडे आहे. दादांना फोन करून ‘अंगठी तपासायला मुंबईला जायचंय, तू सोबत ये’ एवढंच म्हणा. पेशव्यांचा विषय काढू नका, ७५,००० चाही नको. त्या माणसाचा क्रमांक दादांच्या फोनमध्ये आहे की तुमच्या, ते मात्र आधी बघून ठेवा. लॉकर उघडताना दोघंही हजर राहा, अंगठीचा पुढून-मागून फोटो काढा, सराफाच्या काट्यावर अंगठीचं वजन करून घ्या, पाकिटात घालून चिकटवा आणि जोडावर दोघांच्या सह्या करा. प्रयोगशाळेच्या खिडकीवर पावती दोघांच्या नावाने मागा. देत नसतील तर दादांच्या नावाने घ्या.